मिक्सर-ॲम्प्लिफायर : निवड

अनेक माइक व वाद्यांचे ध्वनिसंकेत एकत्र करून आणि त्यांची शक्ती वाढवून थेट स्पीकरला देणारे एकत्रित उपकरण. ‘पॉवर्ड मिक्सर’ या नावानेही ते ओळखले जाते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबई उपनगरांतील सोसायट्यांची सभागृहे, भजनी मंडळे व छोटे गणेशमंडप यांना ते सोयीचे पडते; जोडण्या कमी होतात आणि ने-आण सोपी जाते.

चॅनेल : भजनासाठी मुख्य गायकाला एक, झीलकऱ्यांना दोन, पेटीला एक व पखवाजाला दोन असे सहा माइक इनपुट लागतात. इलेक्ट्रॉनिक तानपुरा लाइन इनपुटवर चालतो. जाहिरातीतील आकड्यात स्टिरिओ चॅनेल दुप्पट मोजलेले असतात, म्हणून माइकच्या जागा स्वतंत्रपणे मोजाव्यात. कंडेन्सर माइक वापरायचा असल्यास ४८ व्होल्ट फँटम पुरवठा आवश्यक असतो.

शक्ती व भार : निवडीतील सर्वांत महत्त्वाचा भाग. उपकरणाचे वॅट कोणत्या ओहमला दिले आहेत ते पाहावे. यामाहा ईएमएक्स५ची क्षमता प्रत्येक बाजूस ४ ओहमला ६३० वॅट आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो, तिसरा जोडल्यास सुमारे २.७. उपकरणाच्या किमान ओहमखाली गेल्यास ते तापते, बंद पडते किंवा जळते. भोंग्यांची १०० व्होल्टची लाइन त्यासाठीच्या आउटपुटलाच जोडावी. ॲक्टिव्ह स्पीकर स्पीकर-आउटपुटला कधीही जोडू नये. त्याला लाइन आउटपुट द्यावे.

ध्वनिमर्यादा : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मानके आहेत. तेथील सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज मानकापेक्षा १० डेसिबलहून अधिक असू नये, म्हणजे दिवसा ६५. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी आहे. सणांच्या मोजक्या दिवशी राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. वॅट दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. दाटीच्या वस्तीत जादा वॅटपेक्षा, शिट्टी आवरणारा आणि शब्द स्पष्ट ठेवणारा इक्वलायझर अधिक मोलाचा ठरतो.

बाजारपेठ : मुख्यतः ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड.

खरेदीपूर्वी उपकरण स्वतःच्या माइक व स्पीकरवर, प्रत्यक्ष वापराच्या जागेतच वाजवून पाहावे.