थकलेले हृदय आणि उलटलेली समजूत

वैद्यकाच्या इतिहासात शोध कधी लागला याची नोंद हमखास सापडते; तो स्वीकारायला किती काळ लागला याची मात्र क्वचितच. कमकुवत होऊन फुगलेल्या हृदयावरील बीटा-ब्लॉकर औषधांची कथा या दुसऱ्या प्रकारात मोडते.

तिचा एक पूर्वरंग मुंबईत आहे. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये डॉ. रुस्तुम जाल वकील यांचा सर्पगंधेविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर त्यांनी या मुळीचा परिणाम पद्धतशीरपणे नोंदवला होता. (कल्याणच्या निर्वासित छावणीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले तेही याच वर्षी.) १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतील रेसर्पिन मज्जातंतूंतील नॉरअॅड्रेनालिनचा साठा रिता करते, हे पुढे उमगले. शरीराची उत्तेजना शमवून रक्ताभिसरणाला विश्रांती देता येते, हा विचार त्यामुळे प्रयोगाच्या कक्षेत आला.

सर जेम्स ब्लॅक यांनी दुसरी वाट धरली. साठा रिता करण्याऐवजी त्यांनी उत्तेजक रसायनांचा हृदयातील दरवाजाच अडवला. १९६० च्या दशकात त्यांचे प्रोप्रॅनोलॉल हृदयशूळासाठी वापरात आले आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण या औषधाने हृदयाचे आकुंचन मंदावते. म्हणून जे हृदय मुळातच दुबळे आहे, त्याला ते देणे म्हणजे घातच, असे पाठ्यपुस्तके बजावीत राहिली.

हा नियम स्वीडनमधील गोथेनबर्गच्या फिन वागस्टाईन व सहकाऱ्यांनी मोडला. १९७५ मध्ये, त्याच ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये, त्यांनी अशा अवघ्या सात रुग्णांचा वृत्तांत दिला. बीटा-ब्लॉकरने त्यांची प्रकृती सुधारली होती. १९८० मध्ये याच गटाने दाखवले की औषध थांबवल्यावर हृदय पुन्हा खालावते. तरीही वैद्यकविश्व साशंकच राहिले. रुग्ण थोडे होते हे खरे. पण निष्कर्ष प्रस्थापित तर्काविरुद्ध होता, हेही तितकेच खरे.

तर्क कुठे चुकला? दुबळे हृदय पाहून शरीर त्याला अॅड्रेनालिनसारख्या रसायनांनी सतत डिवचते. थकलेल्या बैलाला पराणी टोचावी, तसेच हे. चार पावले तो झपझप चालतो, मग कोसळतो. आकुंचन वाढवणाऱ्या मिलरिनोन या औषधाने मृत्यू २८ टक्क्यांनी वाढल्याचे १९९१ मध्ये दिसले, तेव्हा ‘जोर लावा’ या मताचा पाया डळमळला. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल यांच्या दोन मोठ्या चाचण्यांनी वाद संपवला. दोन्हींत मिळून साडेसहा हजारांहून अधिक रुग्ण होते आणि दोन्हींत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी घटले. सात रुग्णांपासून इथवर यायला २४ वर्षे लागली.

आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या औषधांच्या दुकानांत या गोळ्या सर्रास मिळतात. पण इतिहासाने घातलेली अट कायम आहे. हृदय दुबळे असताना आरंभ अगदी अल्प मात्रेने करायचा आणि आठवड्या-आठवड्यांनी ती वाढवायची. पहिल्या दिवसांत थकवा वाढू शकतो. नेमक्या त्याच वेळी ‘गोळी सोसत नाही’ म्हणून ती परस्पर बंद करण्याचा मोह होतो. १९८० चा तो निबंध अशा वेळी आठवावा, आणि गोळी सोडण्याआधी डॉक्टरांना गाठावे.