डाकीण ठरवण्याची प्रथा

आजार, मृत्यू, नापिकी किंवा गुरांचे दूध आटणे यांचे खापर एखाद्या व्यक्तीच्या, बहुधा स्त्रीच्या, कथित मंत्रशक्तीवर फोडून तिचा छळ वा खून करण्याची अमानुष प्रथा. महाराष्ट्रात ती मुख्यतः नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पट्ट्यात आढळते. मराठवाड्यात असे आळ बहुधा करणी वा भानामतीच्या नावाने घेतले जातात.

स्वरूप : घरात मूल दगावले, की कुटुंब भगताकडे (मांत्रिकाकडे) जाते. तो कौल लावतो आणि संशय शेजारच्या वा भावकीतल्या बाईवर येतो. विधवा आणि एकट्या स्त्रिया सहज बळी पडतात. अनेकदा मुळाशी जमिनीचा वाद किंवा जुने वैर असते. मग मारहाण, वाळीत टाकणे, गावाबाहेर काढणे असे प्रकार होतात. आरोप नाकारला तर मार वाढतो, असह्य होऊन कबूल केला तर तोच पुरावा ठरतो. या चौकशीत निर्दोष ठरण्याची सोयच नसते.

इंग्लंडमधील इतिहास : असे आळ इंग्लंडमध्येही घेतले जात. तेथे १५४२, १५६३ व १६०४ च्या कायद्यांनी चेटूक हाच गुन्हा ठरवला. १६४५ ते १६४७ या काळात पूर्व इंग्लंडमध्ये चेटकिणी शोधत फिरणारा मॅथ्यू हॉपकिन्स संशयितांना झोपू देत नसे, अंगावरचे डाग शोधून सुया टोचवी. बांधून पाण्यात सोडलेली व्यक्ती तरंगली तर ती दोषी मानली जाई. दोषी ठरलेल्यांना फाशी होई. १७३५ च्या कायद्याने हे खटले बंद केले आणि चेटकाची शक्ती असल्याचा बहाणा करणे हा गुन्हा ठरवला.

महाराष्ट्रातील कायदा : जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात शासनाने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते किंवा रोगराई पसरवते, असे सांगून तिचे जगणे कठीण करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. जारणमारण वा चेटकाच्या नावाखाली मारहाण करणे, नग्न धिंड काढणे हेही गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध, म्हणजे सामाजिक बहिष्काराविरुद्ध, २०१६ चा स्वतंत्र कायदाही आहे.

व्याप्ती : जादूटोणाविरोधी कायदा आदिवासी पाड्यांपुरता नाही. जालना एमआयडीसीतील पोलाद कारखान्यांत परप्रांतीय कामगार मोठ्या संख्येने आहेत; त्यांच्यापैकी काही ज्या बिहारमधून येतात, तेथेही १९९९ पासून डायन (डाकीण) प्रथेविरुद्ध कायदा आहे. कामगार वस्तीत असा आळ घेतला गेला, तरी महाराष्ट्राचा कायदा तितकाच लागू होतो.

बाई डाकीण आहे की नाही, हा प्रश्नच या कायद्याने निकालात काढला आणि आळ घेणाऱ्याला आरोपी केले. हेच त्याचे सर्वांत मोठे मोल आहे.