गुरूच्या चंद्रांपासून ‘तप्त गुरू’पर्यंत

जयपूरचे जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंहाच्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या ग्रंथात, दुर्बिणीतून दिसणाऱ्या गुरूच्या चार चंद्रांची नोंद आहे. ते वेध डोळ्यांनी घेतलेले होते.

त्याच राजस्थानात, अबूच्या गुरुशिखरावरून भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ७२५ प्रकाशवर्षे दूरच्या ‘टीओआय-१७८९बी’चा शोध लावून २०२१ मध्ये तो जाहीर केला. हा ग्रह कोणीही प्रत्यक्ष पाहिलेला नाही. त्याच्या ओढीने डोलणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशातील सूक्ष्म बदल ‘पारस’ या वर्णपटमापकाने टिपले आणि त्यावरून ग्रहाचे वस्तुमान कळले. ते गुरूच्या सुमारे ७० टक्के. त्रिज्या मात्र १.४ पट. म्हणजे हा विरळ, फुगलेला वायुगोल. तेथील वर्ष जेमतेम ३.२ दिवसांचे. तापमान सुमारे २,००० केल्विन. त्यात लोखंडही वितळेल.

जयसिंहाने पाहून नोंदले. आज न पाहताही मोजता येते.