‘तुंबाड’ : पिठाच्या बाहुल्या आणि सोन्याचा लोभ

मराठी मुलुखात घडणारा, परंतु हिंदीत बोलणारा ‘तुंबाड’ हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहात तो दाखविला गेला होता. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘हमीदाबाईची कोठी’ या नाटकाचे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. निर्माते सोहम शाह यांनीच विनायकरावांची मुख्य भूमिका केली, तर छायालेखन पंकज कुमार यांचे आहे.

श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून केवळ नाव घेतले आहे. खोतांच्या कथेशी चित्रपटाचा संबंध नाही. कथाबीज नारायण धारप यांच्या भयकथेतले. २०१२ साली सुरू झालेले चित्रीकरण मनाजोगते न झाल्याने पटकथा पुन्हा लिहिली गेली, बराच भाग पुन्हा चित्रित झाला आणि २०१५ मध्ये काम संपले. सासवडचा जुना वाडा आणि खऱ्या पावसात टिपलेली करडी, ओलसर दृश्ये यांमुळे तुंबाड हे गाव पडद्यावर दिसते, यापेक्षा अंगाला लागते, असे म्हणावेसे वाटते.

दृश्यांच्या या वैभवापुढे कथानक मात्र अनेकांना दुर्बोध वाटले. आजीला साखळदंड का, पिठाच्या बाहुल्या कशासाठी, असे प्रश्न घेऊन प्रेक्षक बाहेर पडले. त्यांची उत्तरे चित्रपटात आहेत. पण ती संवादांत कमी आणि चित्रांत अधिक आहेत.

किल्ली आरंभीच्या दंतकथेत आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्याने सोने हस्तगत केले, पण धान्यावर हात टाकताच इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला. देवीने त्याला आपल्या उदरात लपविले; अट एकच, त्याची पूजा कोणी करायची नाही. (हा हस्तर कोणत्याही पुराणात नाही, तो पटकथाकारांचा आहे.) म्हणजे त्याच्यापाशी सोने अमाप आणि भूक अनंत. म्हणूनच त्याला पिठाची बाहुली दाखवून भुलवायचे आणि तो खाण्यात गुंतला की लंगोटातील मोहरा हिसकावायच्या. पिठाचे रिंगण ओलांडणे त्याला शक्य नसते. ज्याला त्याचा दंश होतो त्याला मरण येत नाही, फक्त भूक उरते. साखळदंडातली आजी ही त्याच भुकेची आकृती आहे. एवढे ध्यानात आले की पुढचा प्रत्येक प्रसंग जागेवर बसतो.

काळाचे टप्पे तीन. १९१८ मध्ये विनायकची आई एका मोहरेसाठी वाड्याच्या ‘सरकारां’ची सेवा करते आणि धाकटा मुलगा गमावल्यावर विनायकला घेऊन पुण्याला जाते. पंधरा वर्षांनी विनायक आईला दिलेला शब्द मोडून परततो व आजीकडून गुपित मिळवितो. तिसरा टप्पा १९४७ चा. वाडा आता सरकारजमा होणार, तेव्हा पुत्र पांडुरंग एकेक मोहरेऐवजी अख्खा लंगोटच पळविण्याची युक्ती काढतो. त्यासाठी बाहुल्या पुष्कळ नेल्या जातात आणि बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात! मुलाला वाचविण्यासाठी विनायक त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधतो. शापित होऊन बाहेर आल्यावरही तो मुलाला लंगोट देऊ करतो. पांडुरंग तो नाकारतो आणि बापाला अग्नी देतो. मोहम्मद समद या बालकलाकाराने पांडुरंग आणि आजी या दोन्ही भूमिका केल्या आहेत, हे कळल्यावर पुन्हा पाहताना अंगावर काटा येतो.

उणीव दाखवायची तर मधल्या भागाची. विनायकाच्या पुण्यातील संसारात पत्नीची व्यक्तिरेखा अनिता दाते यांच्या समर्थ अभिनयानंतरही आखूडच राहते.

छायालेखन, कला दिग्दर्शन व ध्वनी संयोजन यांसाठी चित्रपटाला फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. पहिल्या वेळी मर्यादित चाललेला हा चित्रपट १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली. त्यात आपण नसल्याचे बर्वे यांनी लगेच स्पष्ट केले.