कोरड्या मुलखातला ओलावा

कानाचं मशीन ओलाव्यानं खराब होतं म्हटलं की डोळ्यांसमोर कोकण येतं, फार तर लोणावळा. पुणे जिल्ह्यातलं शिरूर-दौंड कुणाच्या मनात येत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. घोड आणि भीमेकाठच्या या दोन तालुक्यांत तो जेमतेम पाचशेच्या आसपास. 1876 ते 78 च्या दुष्काळात होरपळलेला हा पर्जन्यछायेचा मुलूख, इथं कसला आलाय ओलावा, असं वाटणं साहजिक आहे. पण श्रवणयंत्राचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. या यंत्राला पावसाच्याही आधी घामानं गाठलं होतं, आणि घामाच्या बाबतीत शिरूर-दौंड कोकणाला हार जाणार नाहीत.

1947 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. प्रयोगशाळेनं श्रवणयंत्रांसाठी त्याचं स्वामित्वशुल्क माफ केलं, त्यामुळे सामान्य माणसाच्या अंगावर ट्रान्झिस्टर पहिल्यांदा चढला तो याच रूपात. 1952 च्या अखेरीस ‘सोनोटोन’नं दोन निर्वात नळ्या आणि एक ट्रान्झिस्टर असलेलं यंत्र विकायला काढलं, पुढच्याच वर्षी केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारी यंत्रं आली आणि त्यातली अनेक काही आठवड्यांतच मुकी झाली. जर्मेनियमचे ते नाजूक तुकडे अंगाच्या उष्णतेनं आणि दमटपणानं निकामी होत होते. त्यांना लेप देणं, बंद आवरणात घालणं हे उपाय त्यातूनच पक्के झाले. आपल्याकडे 1965 मध्ये म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था, 1972 मध्ये अपंगांसाठी साधनं बनवणारं कानपूरचं अलिम्को, 1981 मध्ये अपंगांना साधनं देणारी केंद्राची योजना आणि 1983 मध्ये मुंबईत कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था, अशी साखळी उभी राहिली. सरकारी शिबिरांतून तेव्हा प्रामुख्यानं मिळायचं ते खिशातलं मशीन: छातीवर डबी, तिथून कानापर्यंत वायर. शेतात राबणाऱ्या माणसाच्या कोपरीचा खिसा दुपारपर्यंत किती कोरडा राहतो, हा प्रश्न ते आखणाऱ्यांपुढे फारसा आलेला दिसत नाही.

पुढे मशीन कानामागे गेलं, म्हणजे छातीवरच्या घामातून कानशिलावरच्या घामात. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ. चुलवाणावर काहील उकळत असते तेव्हा गुळव्याच्या भोवती दिवसभर वाफ असते. बाहेरची हवा किती का कोरडी असेना. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत हेल्मेट घालून पाळी करणाऱ्याचं तेच. घरी यावं तर पाण्याचा कूलर चालू, आणि खिडकी बंद असेल तर तो खोलीतली हवा दमट करून ठेवतो. उन्हाळा सुसह्य व्हावा म्हणून आपणच घरात पावसाळा आणतो, असं म्हणायला हरकत नाही.

यावर कुणी म्हणेल, एप्रिलच्या उन्हात घाम वाळायला कितीसा वेळ लागतो? पाणी वाळतं हे खरं, पण मीठ मागे राहतं. सेलच्या कप्प्यातल्या पत्र्यांवर, माइकच्या छिद्रापाशी ते साचतं आणि ऑगस्टच्या दमट सकाळी पुन्हा पाणी ओढून घेतं. पाऊस थोडा असला तरी पावसाळी हवा दौंडलाही दमटच असते. कानातल्या साच्याच्या बारीक नळीत अडकलेला थेंब तर उन्हानंही सहज निघत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता ‘आयपी 68’ या धूळ-पाणीरोधक दर्जाची यंत्रं मिळतात, मग काळजी कशाला? ती चाचणी साध्या पाण्यातली असते. रोजच्या खारट घामाची वर्षानुवर्षांची हमी तिच्यातून मिळत नाही. शिवाय जस्त-हवेचा बटन सेल हवा आत घेतल्याशिवाय चालतच नाही, त्यामुळे तो वापरणारं मशीन पुरतं बंद करता येत नाही. हा सेल मेच्या कोरड्या हवेत आतलं पाणी गमावतो आणि पावसाळ्यात बाहेरचं शोषतो. म्हणूनच रात्री मशीन ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवताना सेल काढून बाहेर ठेवायचा असतो; एरवी मशीन वाचतं आणि सेल वाळतो.

2024 मध्ये राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये द्यायचं ठरवलं. साधनांच्या यादीत श्रवणयंत्रही आहे. एवढ्या पैशांत येणाऱ्या मशीनला भारी लेप असण्याची शक्यता कमीच, आणि ते बिघडलं तर दुसरं लवकर मिळणं अवघड. घट्ट झाकणाची डबी आणि सिलिका जेलची पुडी मात्र थोडक्या पैशांत येते. शिरूर-दौंडच्या शिबिरांत ती मशीनबरोबरच हातात पडायला हवी, तीही जूनची वाट न पाहता मार्चमध्येच.