माशी पोचली नाही तिथे

१९७७ चा उन्हाळा. सारसबागेजवळ पेशवे पार्कच्या तळ्याकाठी तुम्ही बघ्यांच्या गर्दीत उभे आहात. पोलीस पाण्यातून एक लोखंडी पिंप वर काढतायत. नाकाला रुमाल लावा. आत प्रकाश हेगडे आहे, अभिनव कला महाविद्यालयातला विद्यार्थी. कॉलेजातल्याच मित्रांनी त्याचा गळा आवळला.

कधी मेला हा? तुमच्या मनात येतं. देहाचा गारवा, ताठरपणा ही घड्याळं दोन-तीन दिवसांत बंद पडतात. पुढे चालू राहतं ते माशीचं. ते कसं चालतं हे बघायचं, तर बेचाळीस वर्षं मागे चला. आणि स्वेटर घ्या.

२९ सप्टेंबर १९३५. स्कॉटलंड, मॉफट गावाजवळची घळ. पुलाखाली ओढ्याकाठी चादरींत, वर्तमानपत्रांत बांधलेली गाठोडी पडलीत. दोन बायकांच्या देहांचे तुकडे. चेहरे ओळखू येऊ नयेत अशी सफाईदार काटछाट, म्हणजे हात शिकलेला. तो आपल्या मुंबईचाच निघेल: बुख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम, पारशी, मुंबईत शिकलेला डॉक्टर, इंग्लंडात लँकेस्टरला दवाखाना थाटून ‘बक रक्स्टन’ झालेला. बायको आणि घरातली मोलकरीण, दोघींना मारून त्याने ओळखीच्या खुणा शोधशोधून काढल्या. देहांवरच्या माशीच्या अळ्या मात्र तशाच. त्यांच्याकडे कोण बघणार!

ग्लासगोचे डॉ. अलेक्झांडर मर्न्स बघतात. तुम्हीही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. अळीच्या मागच्या टोकाला श्वासाच्या फटी दिसतायत? दोन असतील तर ती एकदा कात टाकून झाली. तीन असतील तर दोनदा, आता कोषाची वेळ जवळ. त्यात माशीची जात आणि हवेचं तापमान धरलं की वय निघतं. मर्न्स सांगतात, बारा ते चौदा दिवस. करा वजाबाकी: १५ सप्टेंबरच्या पुढेमागे. एका गाठोड्यातलं वर्तमानपत्र नेमकं १५ सप्टेंबरचं, तेही लँकेस्टरच्या बाजूला खपलेल्या आवृत्तीचं. १२ मे १९३६ ला रक्स्टन मँचेस्टरला फासावर गेला.

हाच हिशेब पुण्यात जसाच्या तसा लावलात तर फसाल. आपल्याकडे मटणाच्या दुकानात घोंघावते ती लाल डोळ्यांची, निळी-हिरवी चकचकीत माशी. मे महिन्यात तिची अंडी दिवसाच्या आत फुटतात. डिसेंबरच्या थंडीत सगळंच रेंगाळतं. म्हणून मृतदेह पुण्यात सापडला, तर अळीइतकीच गरज शिवाजीनगरला हवामान खात्याच्या शिमला ऑफिसातल्या तापमानाच्या नोंदींची. आणि अळ्या दोन वाटण्यांत गोळा करायच्या: काही गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये, काही जिवंत वाढवायला, म्हणजे माशी बाहेर पडल्यावर जात पक्की कळते. शवागारात मात्र पहिलं काम होतं ते त्या धुऊन टाकण्याचं. घड्याळ धुण्यातलाच प्रकार.

या परत तळ्याकाठी. पिंप आता काठावर आहे. माशी पाण्याखाली जात नाही. वर्षभर बुडालेल्या देहाबद्दल तिला विचारण्यासारखं काही उरत नाही. हेगडेच्या खुनाची, १५ जानेवारी १९७६ ची ती रात्र कोर्टात सांगितली माणसानेच, त्या मित्रांपैकीच माफीचा साक्षीदार झालेल्या सुहास चांडकने. हेगडेच्या धरून दहा खुनांसाठी त्या मित्रांतला राजेंद्र जक्कल आणि त्याचे तीन साथीदार यांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली.