आनंदीबाई जोशी यांचा अमेरिकाप्रवास (१८८३) : ‘एकटे जाण्या’चा प्रश्न

पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आद्य भारतीय स्त्रियांमध्ये आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे स्थान सर्वमान्य आहे. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता बंदर सोडले आणि ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांच्या चरित्रकथनात या प्रवासाचे श्रेय बहुधा गोपाळरावांच्या हट्टाकडे जाते. तो हट्ट नाकारण्याचे कारण नाही. तथापि पतीला मागे ठेवून एकटीने जाण्याचा निर्णय वेगळा काढून तपासला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

येथे ‘एकटी’ या शब्दाचा अर्थ प्रथम स्पष्ट केला पाहिजे. बोटीवर त्यांना अमेरिकन मिशनरी स्त्रियांची सोबत होती. एकटी म्हणजे पतीविना, स्वजातीयांविना. ज्या काळात समुद्रगमन करणाऱ्या पुरुषालाही परतल्यावर प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकत नसे, त्या काळी विवाहित ब्राह्मण स्त्रीने परधर्मीयांच्या संगतीत परदेशी जावे, ही गोष्ट कुटुंबाच्या अब्रूवरच येणारी होती. या आक्षेपांना आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात स्वतः उत्तर दिले. एकटी का जाता, या प्रश्नाला त्यांचे उत्तर रोकडे होते : पतीवर अवलंबून असणारे कुटुंब मोठे, त्याला वाऱ्यावर सोडून दोघांनी जाणे शक्य नाही. बहिष्काराच्या भीतीविषयी, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही त्यांनी दिली. या ग्वाहीचे वजन पुढे काही महिन्यांतच वाढले. त्याच वर्षी इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी सप्टेंबरमध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि परदेशी गेलेल्या प्रत्येक स्त्रीकडे महाराष्ट्र संशयाने पाहू लागला.

न्यूयॉर्कला उतरणे मात्र अनोळखी माणसांत उतरणे नव्हते. १८७८ मध्ये गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तेथील नियतकालिकात छापले गेले होते. धर्मांतराविना साहाय्य करण्याची मिशनऱ्यांची तयारी नव्हती. परंतु न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांनी ते पत्र १८८० मध्ये वाचले आणि या अपरिचित मुलीला स्वतःहून लिहिले. पुढील तीन वर्षांच्या पत्रव्यवहारात त्या तिच्या ‘मावशी’ झाल्या होत्या. बंदरावर आनंदीबाईंना उतरवून घेणारी व्यक्ती, म्हणजे, प्रत्यक्षात प्रथमच दिसत असली तरी नात्याची होती.

उन्हाळा रोझेलला घालवून ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. शाकाहार त्यांनी सोडला नाही. नऊवारीत तेथील थंडीचा निभाव लागेना, तेव्हा गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. एवढ्या बदलाचाही खुलासा घरी पाठवावा लागला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गोपाळरावांच्या पत्रांतून संशय आणि उपदेश दोन्ही येत राहिले.

परंतु पत्रव्यवहार दोन्ही दिशांनी चालतो. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी बालपणीच्या मारहाणीचा स्पष्ट उल्लेख केला आहे : दहाव्या वर्षी लाकडाने मारणे, खुर्ची आणि पुस्तके फेकून मारणे, सोडून जाण्याची धमकी देणे. त्या वागणुकीला निखालस वाईट म्हणणेही त्यांना अवघड वाटते, कारण त्याच माणसाने आपल्याला शिकविले हे त्या विसरत नाहीत. हिंदू स्त्रीला पतीपुढे एक शब्द बोलण्याचा अधिकार नाही, हेही त्या नोंदवितात. आणि नेमके तेच त्या पत्रात करीत असतात. हे एकत्र राहत असताना लिहिले गेले असते असे वाटत नाही. पत्नीने परदेशी एकटे राहण्याचा हा परिणाम गोपाळरावांनी कल्पिला नसावा. चरित्रकारांनी पदवीदानाच्या समारंभाला जेवढी पाने दिली, त्याच्या काही अंशाने तरी या पत्राला द्यावयास हवी होती.

गोपाळराव १८८५ मध्ये अमेरिकेत पोहोचले. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, तेव्हा रमाबाईही उपस्थित होत्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. त्याच वर्षाअखेर दोघे परतले. क्षयाने पोखरलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील त्यांची नियोजित नेमणूक तशीच राहिली. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे धाडली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, ती पुरलेली आहे.